उन्हाळा संपला म्हणून रडू आलं, आणि ते घरच्या आठवणीने नव्हतं

"ताई, नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, तुम्हाला थोडं येड्यासारखं वाटेल. सात वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो, खूप उत्तरेला, थंड प्रदेश, भाषा वेगळी, ओळखीचं कुत्रं नाही. पहिली तीन वर्षं मी नुसते दिवस मोजले. आईला फोन लावला की रडायचे. मग रडणं थांबलं पण तक्रारी चालूच राहिल्या, थंडी फार, माणसं बोलत नाहीत, वगैरे वगैरे. आता परवाचं सांगते. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, संध्याकाळी बाल्कनीत पुस्तक घेऊन बसले होते आणि एकदम अक्षरंच दिसेनात, बघते तर अंधार पडत होता, महिन्यापूर्वी याच वेळेला लख्ख उजेड असायचा. मला रडूच आलं ताई. घरच्या आठवणीने नाही, इथला उन्हाळा संपला म्हणून! शेजारच्या बाल्कनीतल्या आजी त्यांच्या भाषेत म्हणाल्या की संपला गं यंदाचा, आणि मी म्हटलं हो ना, आपल्याला फारच कमी मिळाला. आपल्याला!! तो शब्द डोक्यातून जाईना. रविवारी आईने नेहमीसारखं विचारलं, कंटाळली असशील ना गं तिकडे, आणि मी नेहमीसारखं हो गं, काय करणार, असं म्हटलं. चक्क खोटं बोलले. नवरा तर म्हणतोय की तुझ्यासाठी म्हणून दोन वर्षांत परत जायचं जमवतो. फार गिल्टी वाटतंय. मी स्वार्थी झालेय का? आईपासून तुटत चाललेय का?
तुमची, बाल्कनीतली"

अगं बाल्कनीतली,

येड्यासारखं काही वाटलं नाही. उलट तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या "आपल्याला"पाशी थांबले, कारण बाई, तू त्यावर दोन उद्गारचिन्हं दिलीयेस पण तो शब्द किती मोठा आहे हे तुलाही पुरतं कळलेलं नाही असं मला वाटतं. बघ ना, आपल्या मराठीत "आम्ही" वेगळं आणि "आपण" वेगळं. सगळ्या भाषांत ही सोय नसते. "आम्ही" म्हटलं की समोरचा माणूस बाहेर राहतो, "आपण" म्हटलं की तो आत आला. तू आजींशी त्यांच्या भाषेत बोललीस, तिथे बहुतेक एकच शब्द असेल, पण मला लिहिताना तुझ्याकडे चॉइस होता. "आम्हाला कमी मिळाला" लिहू शकली असतीस. "यांना किती कमी मिळतो बिचाऱ्यांना" असंही लिहू शकली असतीस, पहिल्या वर्षी तर तू नक्की हेच लिहिलं असतंस. तू "आपल्याला" लिहिलंस. आता मला विचारतेस की ताई मी इथली झालेय का, खरं तर तू हे विचारलेलंसुद्धा नाहीयेस, तू डायरेक्ट स्वार्थी झालेय का यावर उडी मारलीस.

आधी त्या रडण्याचं बघू. मराठीत उन्हाळा हा शब्दच मुळी सोसायचा आहे. "इतके उन्हाळे-पावसाळे पाहिलेत" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात उन्हाळा म्हणजे त्रास, काढायचा काळ. तो संपला म्हणून कुणी मराठीत रडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, संपला की हुश्श करतात. मग तुला रडू कुठल्या हिशोबाने आलं? तर तिथल्या हिशोबाने. तुझ्या अंगाने तिथलं कॅलेंडर घेतलं आणि डोक्याला कळवलंच नाही, त्यामुळे डोकं दचकलं. आणि ते काही मनाचे खेळ नव्हते बरं का, तू अक्षांशाचा विसर पडू देऊ नकोस. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांच्या आसपास कललेला असल्यामुळे विषुववृत्ताजवळ दिवस लहान-मोठा झालेला फारसा जाणवत नाही, पण 50 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास सप्टेंबरमध्ये दिवस रोज जवळजवळ 4 मिनिटांनी आखडतो, म्हणजे आठवड्याला 25 मिनिटांच्या पुढे, आणि आणखी वर गेलीस तर त्याहून जोरात. हा वेग सगळ्यात जास्त असतो तो 22-23 सप्टेंबरच्या संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाच्या, सुमारास. तू पहिल्या वर्षीही हे बघितलं असशील पण तेव्हा तुझं त्यात काही जात नव्हतं, तुला वाटलं असेल कधी एकदा हे वर्ष संपतंय. यंदा तुझं काहीतरी गेलं. ज्याचं काही नसतं त्याचं काही जातही नाही, साधी गोष्ट आहे.

गंमत सांगते (विषय सोडून नाही, थांब). 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या डॉक्टरने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये एक प्रबंध लिहिला, घरापासून लांब गेलेले लोक घराच्या ओढीने खरोखर आजारी पडतात यावर. त्या आजाराला त्याने दोन ग्रीक शब्द जोडून नाव दिलं, नोस्टोस म्हणजे घरी परतणं आणि अल्गोस म्हणजे दुखणं, त्यातून नोस्टॅल्जिया. आज आपण तो शब्द जुने फोटो बघताना वापरतो पण तेव्हा ते रीतसर रोगाचं नाव होतं आणि त्यावर खात्रीचं औषध एकच, पेशंटला घरी पाठवा. म्हणजे घर एक, तब्येत तिथेच ठीक, बाकी सगळीकडे आजार. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात अजून हाच डॉक्टर बसलाय. म्हणून तुला बरं वाटायला लागल्यावर पहिली शंका काय आली, तर मी आईला विसरले की काय! अगं, बरं वाटतंय म्हणजे बरं वाटतंय. तू आईला दर रविवारी फोन करतेस, तिला काय वाटेल म्हणून खोटं बोलतेस, त्या खोट्याने तुला झोप नाही, आणि तू म्हणतेस तुटत चाललेय. तुटलेली माणसं अशी पत्रं लिहीत नाहीत.

पण त्या खोट्याबद्दल मात्र मी तुला बोलणार आहे, आणि जरा कडक बोलणार आहे.

माझंच सांगते. मी पण माझं गाव सोडून दुसऱ्या मुलखात येऊन राहिलेली बाई आहे. माझ्या वडिलांना फोनवर मी वर्षानुवर्षं तीच कॅसेट वाजवायचे, हवा मानवत नाही, माणसं तुसडी आहेत, कशाला चवच नाही. यातलं बरंचसं पुढे खरं राहिलं नव्हतं, पण सवय लागली होती, आणि खरं सांगू का, मला वाटायचं की मी सुखात आहे म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. मग एकदा ते राहायला आले. आम्ही रस्त्याने चाललो होतो आणि कुणीतरी मला पत्ता विचारला, मी तिथल्या भाषेत हातवारे करून शॉर्टकट सकट सांगितला, वर त्या माणसाला हेही सांगितलं की उजवीकडच्या गल्लीतून जाऊ नकोस, खोदून ठेवलीये. वडील काही बोलले नाहीत. रात्री म्हणाले, "रुजलीस की गं." आणि मग जरा वेळाने म्हणाले, "तुझा फोन येऊन गेला की मला झोप लागायची नाही." मी त्यांना जपतेय असं समजून इतकी वर्षं त्यांची झोप उडवत होते!

तुझ्या आईचं काय होत असेल याचा विचार कर. ती दर रविवारी "कंटाळली असशील ना" विचारते, तू हो म्हणतेस, तू फोन ठेवून तुझ्या कामाला लागतेस, आणि ती तो हो घेऊन आठवडा काढते. आणि नवरा! पत्राच्या शेवटी एका वाक्यात त्याला गुंडाळलंस पण मला सगळ्यात जास्त घाई तिथे वाटतेय. तो माणूस तुझ्यासाठी म्हणून परत जायचं जमवतोय, कदाचित चांगलं चाललेलं काम सोडून, ते कशाच्या भरवशावर? तर तुझ्या चार वर्षांपूर्वीच्या तक्रारींच्या. तक्रार शिळी झाली तरी ती मागे घेतलीये हे तू कुणाला सांगितलंच नाहीस, आणि लोक त्यावर प्लॅन करतायत. आधी त्याला सांग, आईच्याही आधी, आणि याच आठवड्यात. "मला इथंच कायमचं राहायचंय" असं नको सांगूस, ते तुलाही अजून माहीत नाहीये. एवढंच सांग की माझ्यासाठी म्हणून घाई करू नकोस, मला आता इथे बरं वाटतंय. काय सांगावं, त्यालाच परत जायचं असेल आणि तुझं नाव पुढे करत असेल, नवरे करतात असं. तेही कळेल.

आता थोडं पाणी ओतते. उन्हाळ्याच्या शेवटी कुठल्याही जागेवर प्रेम बसतं. सगळे बाहेर असतात, बाल्कन्यांची दारं उघडी, आजी दिसतात, हवा छान. फेब्रुवारीत हीच जागा कशी वाटते हे तू मला सांगायची आहेस. त्यामुळे घर घेणं, परतीचा ऑप्शन बंद करणं, असलं काही या भरात ठरवू नकोस, एक अख्खा हिवाळा जाऊ दे. परक्या जागी माणूस आधी खूष, मग खचतो, मग सावरतो असा एक आलेख 1955 मध्ये लिसगार्ड नावाच्या संशोधकाने मांडला होता, तो अजून सगळीकडे सांगितला जातो, पण पुढच्या अभ्यासांत सगळे त्या वळणाने जात नाहीत असंच दिसलं. तेव्हा "माझी सात वर्षं झाली, आता मी सावरलेच पाहिजे" किंवा "आता परत खाली नाही ना जाणार" हे दोन्ही डोक्यातून काढ. खाली-वर होईल.

आणि एक, हे गंभीरपणे. दरवर्षी दिवस लहान झाले की तुला नुसतं वाईट वाटतं की त्याच्या पुढे जातं? म्हणजे झोप प्रचंड, उठवत नाही, खा खा सुटते, कशात रस नाही, आणि वसंत आला की आपोआप उतरतं, असं? असेल तर त्याला ऋतूनुसार येणारं डिप्रेशन म्हणतात, नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये त्याचं नीट वर्णन केलं, आणि त्यावर उपाय आहेत. सकाळी 20-30 मिनिटं 10,000 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिव्यासमोर बसणं हा त्यातला एक, पण डोळ्यांचं काही असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारूनच. हे घराच्या आठवणीच्या खात्यात टाकून अंगावर काढू नकोस, बऱ्याच जणी तसं करतात.

आजींचं राहिलं. माणसं बोलत नाहीत म्हणणाऱ्या बाईच्या पत्रात बोलणारं माणूस निघालं म्हणून मला हसूच आलं. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नुकतंच नव्या जागी राहायला गेलेल्या लोकांकडून माहिती घेतली होती, 2018 चा अभ्यास आहे, त्यात साध्या मैत्रीला साधारण 50 तास सोबत लागते आणि घट्ट मैत्रीला 200 च्या वर असं निघालं. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. रोज 5 मिनिटं बाल्कनीतून धरली तर सात वर्षांत 212 तास होतात! रोज भेटत नसाल, हिवाळ्यात तर नाहीच, निम्मे धर, निम्म्याचेही निम्मे धर, तरी साध्या मैत्रीचे झाले. पण आता दारं बंद होणार, आणि सहा महिने दोघी काचेतून हात हलवणार, तर त्याआधीच काहीतरी ठरवून टाक, दर बुधवारी त्यांच्याकडे अर्धा तास म्हण किंवा त्या तुझ्याकडे. वय झालेल्या बाईला हिवाळा जास्त लांब असतो. आणि "येईन कधीतरी" असं म्हणू नकोस, वार ठरव.

आईला कसं सांगायचं हे तू विचारलं नाहीस पण तुला तेच हवंय. "मी इथे सुखात आहे" अशी घोषणा नको, तिला ते "तुझी गरज नाही" असं ऐकू येऊ शकतं, आणि खरंच थोडं लागेलही तिला, ते लागू दे, तुला पुसून काढता येणार नाही. तिने कंटाळलीस का विचारलं की तिला ते सगळं जसंच्या तसं सांग, पुस्तक वाचत होते, एकदम अक्षरं दिसेनात, रडू आलं, आजी काय म्हणाल्या, तू काय म्हणालीस. मला लिहिलंस तसंच, त्याच शब्दांत. ती आधी विचारेल की इतक्या लवकर अंधार कसा पडतो गं तिकडे, मग ती 4 मिनिटं सांगत बस. मग विचारेल की ती आजी एकटीच असते का. पुढचं तुम्ही दोघी बघा.

हिवाळ्यात लिही.
ताई