बॅक्टेरिया मारायला एक उपाय पुरत नाही का?

प्रश्न: ज्यूस न तापवता त्यातले बॅक्टेरिया मारायला हाय प्रेशर, यूव्ही, विजेचे झटके, अल्ट्रासाउंड असं काय काय वापरतात म्हणे, आणि कधी कधी त्यातल्या दोन पद्धती एकत्र. एकीने काम होत असेल तर दुसरी कशाला? आणि घरी यूव्हीचा दिवा लावून जमेल का?

उत्तर: दिव्याचं आधी सांगते, नाही जमणार. २५४ नॅनोमीटरचे यूव्ही किरण स्वच्छ पाण्यात बरेच आत जातात पण गढूळ ज्यूसमध्ये वरच्यावरच अडकतात, म्हणून कारखान्यात ज्यूस अगदी पातळ थरात किंवा घुसळत पुढे नेतात. तुम्ही वरून दिवा लावलात तर तळातले बॅक्टेरिया मजेत राहतील आणि त्रास होईल तो तुमच्या डोळ्यांना.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत ज्यूससाठी २००१ साली नियम आला त्यात टार्गेट आहे ५ लॉगचं, म्हणजे एक लाख धोकादायक जंतू असतील तर एकच उरला पाहिजे. एकाच पद्धतीने तिथपर्यंत जायचं तर तिचा जोर वाढवत न्यावा लागतो आणि मग खर्च वाढतो, चवही बिघडू शकते. अल्ट्रासाउंड तर एकट्याने फारच ढिला पडतो. त्यातून सगळे बॅक्टेरिया मरतातच असं नाही, काही नुसते जखमी होतात आणि निवांत वेळ मिळाला की स्वतःची डागडुजी करून पुन्हा वाढायला लागतात, आणि नेमके हेच जखमी दुसऱ्या पद्धतीच्या तावडीत सापडतात!

माझं आवडतं उदाहरण नायसिनचं. हे एका दुधातल्या बॅक्टेरियानेच बनवलेलं प्रथिन, पण ई. कोलाय या आजार पसरवू शकणाऱ्या बॅक्टेरियावर एरवी नायसिनचं काही चालत नाही कारण ई. कोलायच्या अंगावर एक जादाचं बाहेरचं आवरण असतं. मात्र हाय प्रेशरने (४०० ते ६०० मेगापास्कल, सर्वात खोल समुद्राच्या तळाशी असतं त्याच्या चार-पाच पट) किंवा विजेच्या मायक्रोसेकंदांच्या झटक्यांनी ते आवरण फाटलं की नायसिन आत शिरतं आणि काम करतं. म्हणजे एकाने दार फोडायचं आणि दुसऱ्याने आत घुसायचं. जर्मन शास्त्रज्ञ लोथार लाइस्टनर यांनी याच विचाराला हर्डल टेक्नॉलॉजी म्हटलं, बॅक्टेरियापुढे अडथळ्यांची रांगच लावायची, एक ओलांडताना दमला की पुढच्यात अडकतो.

पण कुठल्याही दोन पद्धती जोडल्या की झालं असं मात्र नाही हं. यूव्ही डीएनए बिघडवतो आणि विजेचे झटके पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात, असे मार वेगवेगळ्या जागी बसले तर फायदा होण्याची शक्यता जास्त, दोन्ही एकाच जागी बसले तर बहुतेक नुसती बेरीज, कधी तेवढीही नाही. आधी कुठली पद्धत आणि नंतर कुठली यानेही फरक पडतो, त्यामुळे प्रत्येक पेयासाठी हे वेगळं तपासावं लागतं.

आणि स्पोअर म्हणजे बीजाणू, काही बॅक्टेरियांचं कडक कवचातलं झोपलेलं रूप, ते यातल्या बऱ्याच माऱ्याला दाद देत नाहीत. आंबट ज्यूसमध्ये, म्हणजे पीएच ४.६ च्या खाली, बोटुलिनम या घातक विष बनवणाऱ्या बॅक्टेरियाचे बीजाणू उगवत नाहीत म्हणून निभावतं, गाजराचा ज्यूस मात्र आंबट नसतो, तिथे थंडी हाच शेवटचा अडथळा. म्हणून अशा बाटलीवर 'फ्रीजमध्ये ठेवा' लिहिलं असेल तर ती दिवसभर ओट्यावर ठेवू नका, आत कितीही पद्धती वापरलेल्या असल्या तरी.