मराठीत गेलं की कॅप्स लॉक भलतंच काम का दाखवतो?

प्रश्न : माझ्या लिनक्स लॅपटॉपवर इंग्रजी-मराठी बदलण्यासाठी कॅप्स लॉकची कळ ठेवली आहे. कोणती कळ काय करते ते दाखवणारा छोटा प्रोग्रॅम मी एक्सलिब (खिडक्या आणि कळफलक सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरशी बोलायची लायब्ररी) वापरून सी भाषेत लिहिला. इंग्रजीत असताना कॅप्स लॉक दाबला की ‘पुढचा गट’ (म्हणजे पुढच्या भाषेची मांडणी) असं बरोबर येतं. मराठीत असताना तीच कळ दाबली तर दुसऱ्याच कळीचं काम छापलं जातं. ‘क’ दाबला तर प्रोग्रॅमच कोसळतो. अक्षरं मात्र दोन्हीकडे अचूक उमटतात. कुठे चुकतंय? — एक वाचक, फोंडा

उत्तर : तुम्ही कोड आणि कळींचा छापील तक्ता दोन्ही पाठवलंत, त्यामुळे चूक नेमकी सापडली.

आधी अक्षरं बरोबर का येतात ते पाहू. कळ दाबली की एक्स सर्व्हर तुमच्या प्रोग्रॅमला दोन गोष्टी कळवतो : कळीचा क्रमांक आणि त्या क्षणीची स्थिती. ‘के’च्या कळीचा क्रमांक तुमच्याकडे ४५ आहे. शिफ्ट दाबलेली आहे का, कोणता गट चालू आहे, हे सगळं स्थितीच्या आकड्यात असतं. मराठी हा दुसरा गट, तो चालू असला की त्या आकड्यात ८१९२ मिळवलेले दिसतात. लायब्ररीकडे ४५ साठी चिन्हांची ओळ असते. सोयीसाठी गटागणिक दोनच पातळ्या (शिफ्टशिवाय आणि शिफ्टसह) धरू : लहान के, मोठा के, क, ख. मोजणी शून्यापासून. गट गुणिले रुंदी (एका गटातल्या पातळ्यांची संख्या) अधिक पातळी, म्हणजे मराठीत शिफ्टसह १ × २ + १ = ३, आणि तिथे ‘ख’. (रुंदी नेहमी त्या कळीच्या सगळ्यात रुंद गटाची धरतात, अरुंद गटाच्या उरलेल्या जागा रिकाम्या सोडतात.)

क्रियांचा (गट बदलणं, कॅप्स लॉक लावणं अशा कामांचा) हिशेबही असाच, पण कोठार वेगळं. सगळ्या कळींच्या क्रिया एकाच लांब रांगेत ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक कळीची सुरुवात कुठे, ते दुसऱ्या तक्त्यात लिहिलेलं असतं. तिथे शून्य असेल तर त्या कळीला क्रियाच नाही. ‘क’ला नाही, तो फक्त अक्षर देतो. अशा कळीसाठी क्रिया मागितली की लायब्ररीतला मॅक्रो (नावाने वापरायचा तयार छोटा कोड) रिकामा पॉइंटर (कुठेच न नेणारा पत्ता) परत देतो. तुम्ही तो न तपासता थेट क्रियेचा प्रकार वाचायला गेलात, म्हणून प्रोग्रॅम कोसळला. एक ‘इफ’ घातलात की हा भाग मिटला.

आता कॅप्स लॉक. तुम्ही फोंड्याचे, म्हणून कवळ्याच्या देवळाच्या अग्रशाळेचं (भाविकांना उतरायच्या खोल्यांचं) उदाहरण देते. खोल्यांची सलग ओळ, आणि एका कुटुंबाला चौदा नंबरपासून दोन खोल्या दिलेल्या. त्यांनी तिसरी समजून सोळाचं दार उघडलं तर आत दुसऱ्याच कुळावींचं (देवळाशी जोडलेल्या कुटुंबाचं) सामान दिसणार. तुमच्या तक्त्यात कॅप्सच्या कळीला गट एकच आहे आणि पातळ्या दोन : पुढचा गट, आणि शिफ्टसह खरा कॅप्स लॉक. मराठीत असताना तुम्ही १ × २ + ० = २ काढलंत. त्या कळीच्या जागा ० आणि १ एवढ्याच. दोनवर दुसऱ्या कळीची खोली सुरू होते, आणि मॅक्रो दारावर अडवत नाही.

अक्षरांच्या वेळी हे घडलं नाही, कारण तिथे तुम्ही एक्सकेबीचं (एक्सच्या कळफलक विस्ताराचं) ट्रान्सलेट-की-कोड हे फंक्शन वापरलंत. ते आधी त्या कळीला किती गट आहेत ते बघतं आणि आलेला गट त्याहून मोठा असेल तर मर्यादेत आणतं. नेहमीची पद्धत भागाकाराच्या बाकीची : १ ला १ ने भागलं, बाकी ०. क्रियांच्या मॅक्रोत ही काळजी कोणी घेतलेली नाही. ती तुम्हाला घ्यावी लागेल. गुणाकाराच्या आधी कळीची गटसंख्या विचारा, ती शून्य नाही ना ते बघा, मग बाकी काढा. बाकीऐवजी शेवटच्या गटावर थांबण्याची किंवा ठरावीक गटाकडे वळवण्याची पद्धतही कळीला नेमून देता येते, पण तुमच्या मांडणीत तसं काही दिसत नाही.

माझ्या टेबलावर तीन गट आहेत. इंग्रजी, मराठी आणि कोंकणी दोन्हींसाठी देवनागरी, आणि शेजारी रोमी कोंकणी लिहायला येतात त्यांच्यासाठी पोर्तुगीज. तुमचा प्रोग्रॅम तिसऱ्या गटात चालवला तर हिशेब ४ वर गेला आणि आणखी लांबच्या कळीचं काम छापलं. बाकी काढायची ओळ घातल्यावर तिन्ही गटांत ‘पुढचा गट’ आलं.

गट खरोखर बदलतो तो सर्व्हर. तुमचा प्रोग्रॅम फक्त तक्ता वाचतो, म्हणून छापील उत्तर चुकलं तरी भाषा बरोबर बदलत होती. दुरुस्ती केल्यावर मराठीत राहूनच शिफ्ट धरून कॅप्स दाबून बघा. तिथे दुसऱ्या खोलीतला कॅप्स लॉक दिसायला हवा.