ब्रिटिशांच्या इमिग्रेशन धोरणामुळे पॅलेस्टाईनमध्ये अरब-ज्यू तणाव वाढला का?

हो, वाढला, आणि मुख्य कारण म्हणजे ब्रिटिशांनी दोघांनाही शब्द देऊन ठेवला होता. १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यूंना 'राष्ट्रीय घर' कबूल केलं, त्याच कागदावर बाकीच्या लोकांच्या हक्कांना धक्का लागणार नाही असंही लिहिलं, आता हे दोन्ही एकत्र जमणार कसं? मग १९२२ ला म्हणाले देशाला आर्थिकदृष्ट्या झेपेल तेवढेच लोक येऊ देऊ. म्हणजे मजुरांना कोटा, पण ज्याच्याकडे १००० पौंड आहेत त्याला कोट्याबाहेर व्हिसा. हिटलर आल्यावर जर्मनीतून, पोलंडमधून लोक जीव वाचवायला यायला लागले, एकट्या १९३५ मध्ये ६० हजारांच्या वर आले, आणि अरबांना वाटलं की आपल्याला कुणी विचारतच नाहीये, आपल्याच गावात आपण अल्पसंख्य होणार. त्यांची भीती खोटी नव्हती हो. १९३६ ला संप, मग बंड, ते १९३९ पर्यंत चाललं.

आणि मग ब्रिटिशांनी नेमकं १९३९ मध्ये दार लावलं, पाच वर्षांत फक्त ७५ हजार ज्यू येऊ देणार, त्यानंतर अरबांची संमती असेल तरच. स्ट्रुमा नावाचं जुनं जहाज रोमानियाहून साडेसातशेच्या वर ज्यू घेऊन पॅलेस्टाईनकडे निघालं, इंजिन बंद पडलेलं, इस्तंबूलला दोन महिन्यांहून जास्त अडकलं, ब्रिटिशांनी परवाने दिले नाहीत म्हणून तुर्कांनी ते ओढून काळ्या समुद्रात सोडलं, फेब्रुवारी १९४२ मध्ये सोविएत पाणबुडीने बुडवलं. एकच माणूस वाचला. हे वाचताना अजूनही पोटात कालवतं.