बांधावरची रिंगणी, वांगं आणि दुकानदाराचा डोस : आलेल्या प्रश्नांना उत्तरं

राम राम मंडळी. पंधरा दिवसांत रिंगणीचे इतके फोटो आणि फोन आलेत की एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथंच सगळ्यांना सांगतो. सांगोला, जत, माण, कवठेमहांकाळ, सगळीकडून प्रश्न एकच : "साहेब, वांग्याच्या कडेला बांधावर रिंगणी माजलीय, दुकानदार म्हणतोय ग्लायफोसेट आणि टू-फोर-डी ही दोन तणनाशकं एकत्र करा, डोस जरा वाढवून मारा. मारू का?"

नका मारू. पहिलं उत्तर हेच.

रिंगणी म्हणजे दोन्ही धरा, जमिनीला चिकटून पसरणारी भुईरिंगणी आणि कमरेएवढी होणारी डोरली. दोन्ही वांग्याच्याच भाऊबंद. काट्यामुळं जनावर तोंड लावत नाही, म्हणून मे महिन्यात सगळा बांध वाळलेला असतो तरी ही हिरवी राहते, आणि खरा घोळ तिथंच आहे. तुमचं वांगं संपलं की शेंडा-फळ पोखरणारी अळी, ठिपक्यांचा भुंगा, पांढरी माशी, तुडतुडे या सगळ्यांना उन्हाळा काढायला घर मिळतं ते हेच. मागच्या हंगामात एका प्लॉटवर गेलो होतो, शेतकरी म्हणाला साहेब नवीन रोप, आठ दिवस झाले लावून, आणि पानं खरवडलेली कशी? बांधावरच्या डोरलीचं पान उलटं करून दाखवलं, पानाची नुसती जाळी उरलेली आणि खाली पिवळ्या, काटेरी अळ्या चिकटलेल्या. रोपावर आलेला भुंगा दहा फुटांवरून आलेला होता.

आता तणनाशकाचं. आत्ता उन्हात धुळीनं भरलेली, ताणावर असलेली रिंगणी औषध मुळापर्यंत नेत नाही. डोस वाढवला की पानं दोन दिवसांत करपतात, दुकानदार म्हणतो बघा कसा रिझल्ट, आणि पहिल्या पावसाला त्याच बुडख्यातनं चार फुटवे येतात. म्हणजे पैसे गेले, रिंगणी तिथंच. त्यात टू-फोर-डी वाऱ्यावर उडालं की शेजारच्या कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी लांबट, फाटलेली होतात, द्राक्ष आणि टोमॅटो तर त्याहून नाजूक. आणि तोच पंप नुसता पाण्यानं विसळून वांग्यावर वापरणारे बहाद्दर दरवर्षी भेटतात, मग म्हणतात व्हायरस आला. ग्लायफोसेटला तर आपल्याकडं लेबलवर चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढंच आहे, शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या आदेशात पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय ते वापरायचं नाही असं आहे. दुकानदार हे सांगणार नाही. त्याला डबा खपवायचाय.

मग करायचं काय? उपटायची, मुळासकट, वाफशावर. वळवाचा एक चांगला पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत जमीन अशी येते की कुदळीचा एक घाव घातला की सोटमूळ अख्खं निघतं. कोरड्या जमिनीत ओढाल तर मान तुटते, मूळ राहतं. विळ्यानं वरून छाटणं म्हणजे तिला छाटणी देणं, ते करूच नका. हातात चामडी मोजे घाला, नसतील तर पोत्याचं दुहेरी फडकं. आणि फळ पिवळं व्हायच्या आत करा, कारण एका फळात बी भरपूर असतं. फळं लागलीच असतील तर ती आधी पोत्यात गोळा करा, मग झाड काढा. ती फळं ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकायची नाहीत, उकिरड्यावरची फळं शेणखतातून तुमच्याच रानात येणार, दोन फूट खड्ड्यात पुरा. हे काम रोप टाकायच्या आधी आणि शेजाऱ्याला सोबत घेऊन. एकट्यानं करून अर्धाच फायदा होतो, अळीचा पतंग बांध बघून थांबत नाही.

माळावरची, डोंगरावरची रिंगणी मात्र उपटत फिरू नका. ती तिथलीच आहे, दोन्ही रिंगण्या दशमुळात, म्हणजे आयुर्वेदातल्या दहा मुळांच्या औषधात लागतात. आपला विषय वांगी, टोमॅटो, मिरचीच्या आसपासच्या बांधाचा.

एका ताईंनी विचारलंय, खोकल्याला बांधावरची रिंगणी उकळून द्यायची सासूबाईंची पद्धत आहे, चालेल का. ताई, औषधाचं वैद्यांना विचारा, ते माझं काम नाही, पण शेताच्या बांधावरची तर अजिबात नको. तिथं कुणी काय फवारलंय हे तुम्हाला कळणार नाही. फळं पोरांच्या हातात देऊ नका, आणि दातातल्या किड्याला बियांची धुरी देण्यापेक्षा दाताच्या डॉक्टरकडं जा.

दुसरा प्रश्न, "वांग्याला बारा फवारण्या झाल्या तरी अळी हटत नाही, दुकानदार तीन औषधं आणि टॉनिक मिसळून देतोय." दादा, अळी शेंड्यात नाहीतर फळात शिरल्यावर तिच्यापर्यंत औषध पोचतच नाही, मग तीन मिसळा नाहीतर सहा. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विसरू नका. मिसळायचं नाही. डोस वाढवायचा नाही. इमामेक्टिन ५ टक्के एसजी हे अळीचं औषध १० लिटरला ४ ग्रॅम म्हणजे ४ ग्रॅम, दुकानदारानं अंदाजानं टोपण भरून दिलं म्हणून ८ नाही, आणि फवारल्यावर तोड्याला ३ दिवस थांबा. क्लोरँट्रानिलीप्रोलला वांग्यासाठी २२ दिवस थांबायचं असतं, तोडा चालू असताना ते मारणार आणि चौथ्या दिवशी माल बाजारात नेणार, तो माल खाणार कोण? आपलीच माणसं. ते तोडा सुरू व्हायच्या आधीच, नाहीतर नाही.

त्यापेक्षा सुकलेला शेंडा दिसला की खुडा. मी हे दहा वर्षं सांगतोय आणि दहा वर्षं सांगत राहणार. सकाळी एक फेरी, मान टाकलेला शेंडा दोन बोटं खालून कापायचा, खिशातल्या पिशवीत, घरी जाऊन पुरायचा. चिरून बघा एकदा, आत गुलाबीसर अळी दिसेल. एकरी १० कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे सापळे लावा, झाडाच्या शेंड्याच्या जरा वर, पीक वाढेल तसे वर सरकवा, आणि आतली वासाची गोळी पाकिटावर लिहिलंय तेव्हा बदला.

पानं बारीक होऊन झाडाचा झाडू झालाय, फळ धरत नाही, तो बोकड्या. त्याला औषध नाही. कुणी "बोकड्याचं स्पेशल" म्हणून बाटली दिली तर परत करा. तुडतुडे तो पसरवतात, रिंगणीतही तो राहतो. झाड उपटा.

योजनेचं थोडक्यात : भाजीपाला रोपवाटिकेला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजनेत ५० टक्के अनुदान, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, बाकी अटी सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) विचारा.

शेवटचा प्रश्न, रानवांग्यावर कलम केलेली रोपं घ्यावीत का. मर रोग आणि मुळांवरचे सूत्रकृमी असलेल्या रानात जरूर घ्या, पण "याला अळी येत नाही" असं दुकानदार म्हणाला तर ते खोटं आहे, अळी वरच्या वांग्याला येणारच. लावताना जोड मातीच्या चार बोटं वर ठेवा, भर देतानाही झाकू नका, नाहीतर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि कलमाचा पैसा मातीत. जोडाच्या खालून काटेरी फुटवा आला की लगेच मोडा, जोमदार दिसतो म्हणून ठेवू नका, तो वांग्याचा नाही, खालच्या रानवांग्याचा आहे.