तो हात उचलत नाही, मग तक्रार कशाची करू?

प्रश्न : लग्नाला सहा वर्षं झाली, मुलगा चार वर्षांचा आहे. मी खासगी शाळेत शिकवते, पण एटीएम कार्ड नवऱ्याकडे. रिक्षाच्या पैशांचाही हिशेब द्यावा लागतो. रात्री वाट्टेल ते बोलतो आणि सकाळी 'मी असं बोललोच नाही, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय' म्हणतो. मग साडी आणतो, आठवडाभर गोड वागतो. विषय काढला की 'घर बाबांच्या नावावर आहे, पोराला इथे ठेव आणि चालती हो.' तो नार्सिसिस्ट, म्हणजे फक्त स्वतःलाच मोठं मानणारा, आहे हे कोर्टात सिद्ध करता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, ते सिद्ध करायच्या फंदात पडूच नका. हा शब्द अर्जात आला की समोरचा वकील आधी विचारणार, 'निदान कोणत्या डॉक्टरांनी केलं?' आणि उलटतपासणी तिथेच अडकणार. कोर्ट नवऱ्याचा स्वभाव ठरवत नाही, त्याने काय केलं ते बघतं.

2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 3मध्ये शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ हीसुद्धा हिंसाच आहे. तुमच्या कमाईला तुम्हालाच हात लावू न देणं त्यात बसतं. घटस्फोट न मागताही कलम 12खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो; आम्ही वकील त्यावर फक्त हसतो. म्हणून अर्जाच्या दिवशीच कलम 23खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश मागा.

घर सासऱ्यांचं असलं म्हणून तुम्हाला हाताला धरून बाहेर काढता येत नाही. सतीशचंदर आहुजा प्रकरणात 2020 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की सासऱ्यांच्या मालकीचं घरही 'सामायिक घर' ठरू शकतं. मालकी मिळत नाही, राहण्याचं संरक्षण मिळतं. सासू-सासऱ्यांची बाजूही कोर्ट बघतं. मुलाची धमकीही पोकळ आहे : पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच ठेवावं, असं हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदाच सांगतो. मात्र तो लवकरच पाच वर्षांचा होईल, हे लक्षात ठेवा.

आता खरं काम पुराव्याचं. आजच एक वही करा. 'तो मला कमी लेखतो' असं लिहू नका. तारीख, वेळ, समोर कोण होतं आणि नेमके शब्द लिहा. साडीचा आठवडाही लिहा, नाहीतर उद्या तोच त्या साड्यांची बिलं दाखवेल. बँकेचा उतारा काढा. पगार जमा झाल्या दिवशीच रक्कम निघालेली त्यात दिसेल. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नका, मूळ फोन जपा. डिजिटल पुराव्याला आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम 63चं प्रमाणपत्र लागतं. घटस्फोटाच्या एका प्रकरणात नवरा-बायकोमधलं चोरून केलेलं रेकॉर्डिंग सुप्रीम कोर्टाने जुलै 2025मध्ये ग्राह्य धरलं. तरी त्याचा फोन उघडून काही काढू नका, ते अंगाशी येईल.

स्वतःच्या नावाने दुसऱ्या बँकेत खातं उघडा आणि पगार तिकडे वळवायचा अर्ज शाळेत द्या. पण हे कळलं की तो भडकेल. म्हणून आधी याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा आणि खातं त्यानंतर बदला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, बाईची कमाई त्यात बघत नाहीत. प्रकरण हातघाईवर आलं तर 181 (महिला हेल्पलाइन) किंवा 112 (आपत्कालीन मदत) लावा, आणि मुलाला घेऊन थेट माहेरी. तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो.

वही मात्र घरात नको, शाळेतल्या कपाटात कुलपात ठेवा.