मिरजेहून जर्मनीला?

प्रश्न : बी.एस्सी. नर्सिंग झालंय, मिरजेत खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. जर्मनीतल्या नोकरीसाठी एजंट साडेतीन लाख मागतोय. नवरा तयार आहे. सासूबाई विचारतात, सहा वर्षांच्या पोरीला सोडून कशी जाशील?

उत्तर : अगं, आधी ते साडेतीन लाख देऊ नकोस! परदेशी नोकरी लावणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. त्याचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपास. नाव नसेल तर त्याचा फोनही उचलू नकोस.

तुझ्या पदवीला जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला सहसा बी-टू पातळीची, म्हणजे कामकाजात अस्खलित बोलता येईल इतकी जर्मन भाषा लागते. इथली नोकरी न सोडता ती शिक. परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात देता येते. मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून, कमी पगारावर काम करावं लागतं. मी तिथल्या वॉर्डात काम केलंय, म्हणून सांगते : रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे तिथं नर्सचंच काम. आपल्याकडे ते मावशी आणि नातेवाईक करतात. डिग्री घेतलेल्या कित्येक मुलींना हे जड जातं. तुला जमेल का, हे पगाराच्या आकड्याआधी स्वतःला विचार.

सासूबाईंची काळजी खरी आहे. पण नवरा आणि मुलगी मागाहून कुटुंब-व्हिसावर येऊ शकतात, सरकारी शाळेत फी नसते. नवऱ्यालाही आत्तापासूनच तुझ्यासोबत जर्मनच्या वर्गाला बसव.