आईला कोलोस्टोमी सांगितली आहे. ती म्हणते, 'कोणाला कळता कामा नये.' काय करू?

मला सात वर्षं झाली. गुदाशयाचा कर्करोग होता, म्हणून कायमची कोलोस्टोमी: मोठ्या आतड्याचं टोक पोटावर काढून त्यावर पिशवी लावलेली. पहिलं दीड वर्ष मीही सगळ्यांना 'पोटाचं ऑपरेशन झालं' एवढंच सांगत होते. हळदीकुंकवाला जाणं सोडलं, तर लोकांना वाटलं, हिला शिष्टपणा आला.

मग नणंदेकडे बारशाला पिशवी गळली. मी बाथरूममध्ये कडी लावून बसले. बाहेरून जाऊबाईंच्या हाकांवर हाका. शेवटी दार किलकिलं करून सांगून टाकलं. त्यांनी मुकाट्यानं एक परकर, साडी आणि जुना पेपर आत सरकवला आणि म्हणाल्या, "एवढंच होय! मला वाटलं, चक्कर येऊन पडलीस." ऑस्टोमी म्हणजे पोटावर अशी वाट काढण्याचं ऑपरेशन. जागतिक ऑस्टोमी दिन १९९३ पासून दर तीन वर्षांनी पाळतात, पण आमच्या घरातली जनजागृती झाली ती त्या दारात.

तेव्हा सांगायचं कोणाला, ते नंतर बघा. आधी एक काम करा. ऑपरेशनपूर्वी पोटावर स्टोमाच्या, म्हणजे बाहेर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, जागेची खूण करून घ्या. ते काम स्टोमा नर्सचं किंवा सर्जनचं. आई साडी नेसत असतील तर साडी नेसूनच जाऊ द्या. उभं राहून, बसून, वाकून बघायला लावा. परकराची नाडी किंवा पोटाची वळी नेमकी स्टोमावर आली की पिशवी टिकत नाही. माझ्या वेळी हे कोणी विचारलंच नाही. अजून नाडी वर बांधते.

स्टोमा दिसतो लालबुंद, ओला, गालाच्या आतल्या बाजूसारखा. हात लागला तरी दुखत नाही. धुवायला साधं पाणी पुरतं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, गच्च भरू द्यायची नाही. मुंबईत १९७५ पासून ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, तिथे पिशवी लावलेली माणसं भेटतील. आईंना माझ्या लिहिण्यापेक्षा त्यांच्याशी बोलून जास्त धीर येईल.

आई पूजेचंही विचारतील. मी रोज करते, पिशवीसकट.

आणि सुरुवातीला एकाच माणसाला सांगू द्या. कोणाला, ते त्या ठरवतील. तुम्ही परस्पर मामा-मावशीला फोन करू नका.